लहान मुलांचे इअरमफ: बाझलच्या फास्नाख्तसाठी घेतले, गुहागरच्या शिमग्यात वापरले

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम इथेच होईल. तुमचं पोर ढोल वाजला की कानांवर हात दाबून आतल्या खोलीत पळत असेल, मिरवणूक दिसली की कडेवरून खाली उतरायचं नाव घेत नसेल, आणि तरी तुम्हाला शिमग्याला गावी जायचंच असेल (कोकणातल्या माणसाला जायचंच असतं), तर हे कानांवर बसणारे इअरमफ घ्या, पैसे वसूल आहेत. फक्त ते काय करतात आणि काय करत नाहीत हे आधी समजून घ्या, कारण दुकानात आपल्याला निळा की गुलाबी एवढंच विचारतात आणि कामाची माहिती बॉक्सच्या मागे बारीक अक्षरात असते.

वस्तू एकदम साधी आहे. प्लास्टिकच्या दोन वाट्या, आत फोम, कडेला मऊ गादी आणि डोक्यावरून जाणारी पट्टी. बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही, गाणी वगैरे काही लागत नाहीत. कारखान्यात मोठ्या मशीनवर काम करणारे लोक जे लावतात तेच, लहान डोक्याच्या मापाचं. आमचा जोड आता चांगला जुना झालाय, थंडीत आणि उकाड्यात दोन्हीकडे वापरून झालाय, त्यामुळे पार्सल फोडल्या दिवशी लिहिलेला हा रिव्ह्यू नाही.

घेतला कुठे ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझा नवरा केमिस्ट, आधी लोट्याच्या एमआयडीसीत होता आणि मग स्वित्झर्लंडला बाझलमधे नोकरी लागली. बाझल म्हणजे औषध कंपन्यांचं शहर, नोव्हार्टिस आणि रोश दोन्ही तिथल्याच, आपल्याकडची बरीच मंडळी असतात तिथे. आणि त्या शहराचा जीव की प्राण म्हणजे फास्नाख्त, त्यांचा कार्निव्हल. बाकी युरोपातले बहुतेक कार्निव्हल ॲश वेन्सडेला (ईस्टरच्या आधीच्या उपवासांचा पहिला दिवस) संपतात आणि ह्यांचा त्यानंतरच्या सोमवारी पहाटे ४ वाजता सुरू होतो, बरोबर ७२ तास चालतो आणि गुरुवारी पहाटे ४ ला बंद म्हणजे बंद. २०१७ साली युनेस्कोच्या वारसा यादीतही गेलाय. सोमवारी चारचे ठोके पडले की जुन्या शहरातले रस्त्यावरचे सगळे दिवे एका क्षणात जातात, आणि त्या काळोखात गल्लीगल्लीतून ढोल आणि पिकोलो बासऱ्या एकदम सुरू होतात, सोबत माणसापेक्षा उंच रंगवलेले कंदील, आतून पेटलेले. ह्याला मोर्गेश्ट्राइख म्हणतात. मला तर तो पहिला ठोका ऐकून गावच्या सहाणेवर (शिमग्यात पालखी बसते ती जागा) उभी असल्यासारखंच वाटलं होतं, अंगावर काटा आला होता अगदी.

आमच्या चिरंजीवांना, मनूला, ह्यातलं काहीही नको होतं. तेव्हा तो तीनच्या आसपास होता. फास्नाख्तच्या आधीचे कितीतरी आठवडे तिथले ढोलवाले सराव करत असतात, लांबून कुठून तरी आवाज आला की हा माझ्या जॅकेटमधे तोंड खुपसायचा. रडारड फार नाही, पण अंग आखडून घ्यायचा आणि "घली जाऊया" एवढं एकच वाक्य घरी पोचेपर्यंत चालू.

आता कोणी म्हणेल पोराला नकोय तर नेऊ नका ना. मी पण ह्यावर पुष्कळ विचार केलाय आणि माझं मत असं आहे की काही सण असे असतात की ज्यांना आपण जात नाही, तेच आपल्या दारात येतात. बाझलमधे त्या तीन दिवसांत जुन्या शहरातल्या ट्रॅम बंद होतात किंवा दुसऱ्या रस्त्याने फिरतात, दुकानाला जायचं तरी मिरवणूक आडवी येते, शाळेतली सगळी पोरं तेच बोलत असतात. आणि आपल्याकडे तर प्रश्नच मिटला, शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, आपल्याच अंगणात नाचते, ओटी भरायची असते, तेव्हा घराचं दार लावून आत बसणार का? पोराला पळवून पळवून किती पळवणार. त्यापेक्षा त्याला जे नेमकं सहन होत नाही तेवढं कमी करून द्यावं, आणि बाकीचं त्याचं त्याला ठरवू द्यावं.

तिथे बाबागाडीतल्या पोरांच्या कानांवर हे रंगीत इअरमफ अगदी सर्रास दिसतात, लोकांना त्यात काही वेगळं वाटत नाही. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, स्वतः तरुणपणी एका क्लिकमधे (म्हणजे ढोल-पिकोलोवाल्यांचं मंडळ) पिकोलो वाजवलेल्या, त्यांनीच सांगितलं की ह्याला आधी कान झाकून आण, मग बघू. बाळांच्या सामानाच्या दुकानातून तीसेक फ्रँकला घेतले.

घरी आल्यावर लगेच डोक्यावर चढवले नाहीत, आणि तुम्ही पण चढवू नका. दोन दिवस खेळण्यांच्या टोपलीत नुसते ठेवून दिले. मग त्याच्या कापडी हत्तीला घातले. मग एकदा खोबऱ्याची चटणी वाटायला घेतली, मिक्सर हा आमच्या घरचा नंबर एकचा शत्रू, तर हा पळायच्या ऐवजी हत्तीच्या डोक्यावरचे काढून स्वतःच घालून आला. वाकडेच घातले होते, एक वाटी कानावर आणि एक गालावर. मी नीट बसवले आणि मिक्सर फिरवला. तो उभा राहिला. मग त्याने उजवीकडची वाटी बोटाने जराशी उचलली, आवाज आत आला तशी पटकन दाबली, परत उचलली, परत दाबली. चटणीचं पार पाणी झालं तरी मी मिक्सर बंद केला नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर त्या पोराला कळत होतं की आवाज किती आत घ्यायचा हे आता आपल्या हातात आहे. मला ह्या वस्तूबद्दल जे मुख्य सांगायचंय ते हेच. डेसिबल किती कमी होतात ते आहेच महत्त्वाचं, पण नको-नको करणाऱ्या पोराला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो ह्या उघडझापीचा. आपल्या हाताने कान दाबून धरले की दोन्ही हात अडकतात, मग ना आईचा हात धरता येत ना खाऊ घेता येत. इअरमफ घातले की हात मोकळे.

आता आकड्यांचं. युरोपात विकत घेतलेल्या इअरमफवर एसएनआर म्हणून एक आकडा असतो (साधारण किती डेसिबल कमी होतात तो) आणि ईएन ३५२-१ हे मानक लिहिलेलं असतं. आमच्यावर एसएनआर २५ आहे. अमेरिकेच्या मालावर एनआरआर नावाचा आकडा असतो, तो मोजायची पद्धत वेगळी आहे आणि त्याच वस्तूला तो सहसा कमी येतो, त्यामुळे ऑनलाइन बघताना एकाचा एसएनआर आणि दुसऱ्याचा एनआरआर शेजारी ठेवून तुलना करू नका. आणि बॉक्सवरचा आकडा लॅबमधला असतो, प्रत्यक्षात पोराचे केस मधे येतात, टोपी मधे येते, चष्म्याची काडी मधे येते, गादी कानाभोवती नीट टेकत नाही आणि तेवढा आवाज आत शिरतो. एसएनआरच्या खाली एच, एम, एल अशी तीन अक्षरं असतात, ती जरूर वाचा. म्हणजे बारीक चिरका आवाज किती अडतो, मधला किती आणि खर्जातला किती. आमच्या जोडात एलचा आकडा एसएनआरच्या निम्म्याच्या जरा वर आहे, आणि कुठल्याही इअरमफमधे तो कमीच असतो. ह्याचा अर्थ ताशा, सनई, झांज, पिकोलो, फटाके, शिट्ट्या हे झकास कमी होतात, पण ढोलाचा थाप्पा आणि डीजेचा बेस बराचसा पोचतो, कारण तो खर्जात असतो आणि छातीत-पोटात जाणवतो त्यावर तर कानावरच्या वाटीचा काही इलाजच नाही. मनू म्हणायचा, "आई, पोटात वाजतंय." ते बरोबरच होतं.

हे सगळं कशासाठी करायचं, तर नुसती भीती म्हणून नाही. कामगारांसाठी जो हिशोब वापरतात त्यात ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. हा मोठ्या माणसांचा हिशोब आहे, मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा त्याहून खाली धरलीय. आमच्या अंगणात पालखी नाचताना फोनवरच्या ॲपवर आकडा शंभराच्या पुढे गेला होता, फोन काही अचूक नसतो पण अंदाज येतो. "होईल सवय" असं आपल्याकडे हमखास सांगतात, तर भीतीची सवय होत असेल, कानाची होत नाही. आतल्या कानात ज्या बारीक केसांसारख्या पेशी असतात त्या एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. ढोल वाजवणाऱ्या तरुण पोरांना पण मी हे सांगत असते, ऐकत नाहीत तो भाग वेगळा, पण मी सांगायचं सोडणार नाही.

बाझलला प्रत्यक्ष काय झालं ते आता. मोर्गेश्ट्राइखला त्याला नेला नाही, पहाटेचा काळोख, गर्दी, थंडी, हे तीन वर्षांच्या मुलाचं काम नाही, आम्ही दोघं आळीपाळीने जायचो. त्याला मंगळवारी नेला. मंगळवार हा तिथे पोरांचा दिवस असतो, लहान मुलं घरच्यांबरोबर छोट्या हातगाड्या ओढत फिरतात आणि स्वतःच लोकांवर रॅपली उडवतात, रॅपली म्हणजे कागदाच्या टिकल्या. रांगेत उभं राहायचं नाही, कधीही घरी जाता येतं. त्यात म्युन्स्टरच्या (तिथल्या मोठ्या चर्चच्या) चौकात सोमवार संध्याकाळपासून बुधवार सकाळपर्यंत ते मोठाले कंदील नुसते मांडून ठेवलेले असतात, ते बघायला मिळतात, आणि जी वस्तू मिरवणुकीत अंगावर येते तीच तिथे गप उभी असते, पोर जवळ जाऊन हात लावू बघतं, मागे काय आहे ते वाकून बघतं. ज्यांचं पोर बुजरं आहे आणि जे तिकडे राहतायत त्यांनी ही सुरुवात कराच.

सोमवारी आणि बुधवारी दुपारी जी मोठी मिरवणूक असते, कॉर्तेज, तिला आम्ही मुख्य रस्त्यावर न थांबता आडव्या गल्लीच्या तोंडाशी थांबायचो. तिथून दोन पावलं मागे गेलं की आवाज निम्मा होतो. इअरमफ गळ्यात अडकवलेले, लांबून बँड दिसला की मनू स्वतः वर चढवायचा. गुग्गे म्हणून जे ब्रासबँड असतात, ट्रॉम्बोन-ट्रम्पेटवाले, मुद्दाम बेसूर आणि जोरात वाजवतात, ते सुद्धा त्याने पूर्ण जाऊ दिले. फेब्रुवारी-मार्चच्या थंडीत कान गरम राहतात हा वरचा फायदा. पण एक अडचण येते, लोकरीची टोपी आधी घालून वर इअरमफ घातले की वाटी कानाला टेकतच नाही आणि निम्मा उपयोग जातो, त्यामुळे आधी इअरमफ आणि वरून जॅकेटचं हूड असा क्रम ठेवावा लागतो. पट्टीवरून हूड ताणून बसतं जरा, चालतं.

आणि जिथे ही वस्तू अजिबात उपयोगी पडत नाही ते म्हणजे मुखवटे. वाग्गिस नावाचं एक सोंग असतं, भलंमोठं नाक, रंगीत पिंजारलेले केस, पायात लाकडी खडावा, गाडीवरून वाकून पोरांना गोळ्या देतात, संत्री देतात, पिवळ्या फुलांच्या डहाळ्या देतात आणि बेसावध माणसाच्या कॉलरमधे मूठभर रॅपली कोंबतात. मनूला तो आवाजाशिवायही नको होता. कान झाकले तरी डोळे उघडेच असतात ना. उलट कान बंद असले की मागून कोण आलं ते कळत नाही आणि एकदम समोर ते नाक. तेव्हा वाग्गिसच्या गाड्या आल्या की आम्ही गल्लीत आत सरकायचो. ह्यावर गोष्ट बदलली ती एका कोपऱ्यावर विश्रांतीला थांबलेल्या क्लिकमुळे. सगळ्यांनी मुखवटे काढून ढोलांवर ठेवले होते आणि कांद्याचा टार्ट खात उभे होते, चांगली आमच्या आबांच्या वयाची माणसं, घाम पुसतायत, चष्मे लावतायत. मनूने मुखवट्याच्या आतली बाजू बघितली, आत नुसता कागद आणि डिंक, डोक्याला लागू नये म्हणून चिकटवलेला फोम. त्याने त्या फोमला बोट लावलं आणि मग स्वतःच्या इअरमफच्या गादीला बोट लावलं. बस, एवढंच. त्यानंतर सगळी भीती गेली असं मी म्हणणार नाही, पण पुढच्या मुखवट्याकडे त्याने माझ्या पायामागून का होईना बघितलं.

मग आम्ही परत आलो आणि पहिलाच शिमगा सासरी, गुहागर तालुक्यात. इकडे फाल्गुन पंचमीपासूनच वातावरण सुरू होतं, कुठे तेरसे शिमगे (होम त्रयोदशीला) कुठे भद्रेचे (होम पौर्णिमेला), चाकरमानी मुंबईहून येतात, घराघरात रात्री जागरण. इअरमफ बॅगेत सगळ्यात वर ठेवले होते. आता इकडचा अनुभव वेगळा लिहायला हवा कारण कंपनीने काही कोकणातला मार्च डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नाहीत.

पहिलं म्हणजे घाम. दमट हवेत दहा-पंधरा मिनिटांत कानाभोवती घाम साठतो, गादी चिकटते, पोर ओढून काढतं. ह्याला मी जुन्या सुती ओढणीचे गोल शिवून गादीवर इलॅस्टिकने चढवले, आवाज जरासा जास्त आत येतो पण पोर ठेवतं तरी. बाहेर मऊ सुती कव्हर वेगळं विकत मिळतं काही कंपन्यांचं, ते मिळालं तर बघा. दुसरं, सतत घालून ठेवायचे नाहीतच. पालखी पायवाटेला लागली की गळ्यात, अंगणात आली की कानावर, नाचवून झाली आणि गाऱ्हाणं सुरू झालं की परत खाली, कारण गाऱ्हाणं आणि मागचं "व्हय महाराजा" हे पोराने ऐकलंच पाहिजे असं माझं ठाम म्हणणं आहे. त्यासाठी तर गावी आणतो. आमचा तर आता ते "व्हय महाराजा" सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हणतो.

तिसरं, लोक. बाझलमधे ज्याकडे कोणी वळून बघत नव्हतं त्याकडे इथे अख्खी वाडी बघत होती. एक चुलत सासूबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काय गो, पोराला आयकू येत नाय काय?" त्यांना काळजीच वाटली होती, मी त्यांच्याच कानावर चढवून दाखवले तशा हसल्या आणि म्हणाल्या "बरा आहे की." आमचे आबा मात्र नाराज होते. देवाच्या ढोलाला कान बंद करायचे म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं, आणि ते म्हणणं मला उडवून लावावंसं वाटत नाही, त्यांचं सगळं आयुष्य त्या पालखीखाली गेलंय, खांद्याला घट्टा पडलाय. मी एवढंच म्हटलं की आबा, मागच्या खेपेला हा पालखी आल्यावर माजघरात तांदळाच्या कणगीमागे बसून होता, आज अंगणात तर उभा आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत. पण पालखी दारात आली तेव्हा स्वतःच मनूला कडेवर घेतलं, एका हाताने त्याची डावी वाटी नीट केली आणि त्याच्याकडून नारळ देवीपुढे ठेवून घेतला.

संकासुराचं, म्हणजे शिमग्याच्या खेळ्यांमधल्या सोंगाचं, मात्र बाझलच्या वाग्गिससारखंच झालं. काळा पायघोळ वेश, डोक्यावरून गेलेला उंच टोकदार मुखवटा, पांढरी दाढी, लाल जीभ आणि कमरेला घुंगरांचा पट्टा, तो धावत अंगणात शिरला की आमच्या वेळीसुद्धा पोरं पडवीत पळायची. इअरमफमुळे घुंगरांचा आवाज दबतो, म्हणजे तो येतोय हे कळत नाही आणि अचानक समोर उभा, हे जास्तच वाईट. म्हणून खेळे (सोंगं घेऊन घरोघर नाचणारी मंडळी) येणार असतील तेव्हा इअरमफ काढून ठेवायचे असं मी ठरवलंय, आवाज लांबून ऐकू येऊ दे, पोराला तयारीला वेळ मिळू दे. बाकी इलाज तोच, मुखवटा काढलेला माणूस दाखवायचा. आमच्याकडे संकासुर होणारा मुलगा पडवीत चहा प्यायला बसला, मुखवटा मांडीवर, चहात खारी बुडवून खात होता, मनू दाराआडून बराच वेळ बघत राहिला आणि मग त्याला विचारलं की आत फोम आहे का. त्या बिचाऱ्याला काही कळेना, पण त्याने मुखवटा उलटा करून दाखवला. फोम नव्हता, फडकं गुंडाळलेलं होतं.

फटाक्यांना हे इअरमफ चांगले, डीजेला नाही. काही ठिकाणी आता पालखीपुढे नाही तरी धुळवडीला डीजे लावतात, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असा नियम कागदावर आहे, आणि त्या भिंतीएवढ्या स्पीकरपुढे एसएनआर २५ काय किंवा ३० काय, पोराला तिथून लांब नेणं हाच उपाय. इअरमफ घातलेत म्हणून स्पीकरजवळ उभं करू नका.

आणि सुरक्षेचं एक, इअरमफ घातलेल्या पोराचा हात सोडायचा नाही. गाडीचा हॉर्न, "बाजूला व्हा", आपली हाक, काहीच नीट ऐकू येत नाही. पालखी नाचवणारे मागे-पुढे जोरात सरकतात, त्यांना खालचं पोर दिसत नाही. होम पेटल्यावर तर कडेवरच.

देखभालीचं सांगते कारण ह्यावर कोणी लिहीत नाही. गुलाल आणि मातीने गादीच्या शिवणीत थर बसतो, ओल्या फडक्याने त्याच दिवशी पुसा, पाण्यात बुडवू नका. पावसाळ्यात आमच्या घरी कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते तिथे फोमचं काय, पहिल्या पावसाळ्यानंतर आतल्या फोमवर काळे ठिपके आले आणि पट्टीच्या आतल्या तारेला जिथून वाटी जोडली आहे तिथे गंज धरला. फोम काढून उन्हात वाळवला, तरी वास गेला नाही, शेवटी गादी आणि फोम दोन्ही बदलले. आता हवाबंद डब्यात, पापड ठेवतो तसल्या, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते. घेतानाच बघा की गादी आणि फोम वेगळे विकत मिळतात का, नाही मिळत असं असेल तर किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तो मॉडेल घेऊ नये.

भारतात ऑनलाइन पुष्कळ प्रकार दिसतात. ज्यावर एसएनआर किंवा एनआरआर कुठलाच आकडा नाही ते घेऊ नका, नुसते दिसायला तसे असतात. थंडीत घालायचे केसाळ इअरमफ वेगळे, ते आवाज अडवत नाहीत. कापसाचे बोळे तर अगदीच किरकोळ काम करतात, आणि छोट्या पोराच्या कानात किंवा हातात फोमचे बोळे देऊच नका, तोंडात घालतात आणि घशात अडकायची भीती असते. मापासाठी पोराला प्रत्यक्ष घालून बघता आलं तर उत्तम, वाटीत अख्खा कान मावला पाहिजे, गादी कानावर न येता कानाभोवती यायला हवी, आणि पट्टी इतकी घट्ट नको की काढल्यावर लाल वळ दिसेल. कान दुखत असेल, कानातून पाणी येत असेल तर ते दिवस इअरमफ नको, आधी डॉक्टर.

किमतीबद्दल, इकडे हजार ते अडीच हजारांत बरे मिळतात. वर्षातून एकदा शिमग्याला लागणारी वस्तू म्हणून बघाल तर महाग वाटेल, पण आमच्याकडे गणपतीतल्या आरतीच्या झांजा, लग्नातल्या वराती, दिवाळी, शेजारच्या प्लॉटवर चिऱ्याची कटिंग चालू होती तेव्हा, आणि मिक्सर, ह्या सगळ्याला वापर होतो. आता मनू स्वतःहून कमी मागतो, ह्या खेपेला ढोलासाठी घातलेच नाहीत, फटाक्यांना तेवढे घातले.

जावेची मुलगी सव्वा वर्षाची आहे, तिच्यासाठी हे कडक पट्टीवाले चालणार नाहीत, एवढ्या लहान बाळांना डोक्याभोवती मऊ इलॅस्टिकची पट्टी असलेले वेगळे येतात, ते मागवलेत. ते घालून झोपवायचं नाही आणि थोडाच वेळ घालायचे असं त्यावरच लिहिलेलं असतं. पुढच्या शिमग्यात वापरून झाले की त्याचं वेगळं लिहीन.